नीलम्मा काकूचा पाव्हणा

नीलम्मानं आपल्या नवऱ्याला जेलात घातलं, असं आमच्या गावातलं शेंबडं पोरगंही सांगतं.

दाढी-कटिंगच्या दुकानात सांगतात ते असं : ती एकटी सकाळच्या गाडीनं देवणीला गेली, ठाण्यात फौजदाराच्या टेबलावर बांगड्या फोडल्या आणि म्हणाली, "एक तर ह्यास्नी आत घाला, न्हाई तर मला घाला." सांगणारा इथं टेबलाच्या जागी खुर्चीचा दांडा बडवतो आणि खुर्चीत बसलेल्याची मिशी एका बाजूनं जास्त जाते. नळावरच्या बायकांचं म्हणणं वेगळंच. "भालकीकडची हाय बाई ती. तिकडल्या बायांना लिंबू-बिब्बा सगळं येतंय." आणि आमची अव्वा, म्हणजे माझी आजी सरजाबाई, नीलम्माची सख्खी सासू, ती दर सोमवारी महादेवाच्या पायरीवर बसून नाक ओढत सांगते, "यव्वा यव्वा, सोन्यासारखं लेकरू माझं... सुंऽऽ... बायकोनंच आत घातलं की ओ... सुंऽऽ."

सगळं खोटं. नीलम्मा काकूनं नवऱ्याला जेलात घातलं नाही. एका बाईच्या सांगण्यावरून आमच्या गावातला माणूस जेलात जाईल, एवढी बाईची किंमत आमच्या गावात अजून व्हायची आहे. मल्लूकाकाला जेलात घातलं एका बैलानं.

मल्लूकाका, कागदोपत्री मल्लेश, हा माझ्या अप्पांचा धाकटा भाऊ. त्याचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये भिंत एकच. काका काय काम करायचा असं कुणी विचारलं तर अव्वा म्हणायची, "पुढारी होणार हाय ते." तो होण्याच्या तयारीत असायचा. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यांतल्या एकातही शाई नाही. आमच्या गावापासून कर्नाटकाची शीव मोटरसायकलवर एका गाण्याइतकी लांब. पलीकडं दारू पाकिटात मिळते, पोरांच्या ज्यूससारखी, फक्त नळी नसते. काका पाकिटाचा कोपरा दातानं फाडायचा, ते तोंडात पिळायचा आणि मग जगाचे हाल बघून त्याला फार राग यायचा. जग मोठं होतं, मोटरसायकलवरून सगळ्याला गाठणं जमत नव्हतं. घरी बायको होती.

काकू लग्न होऊन आली तेव्हा तिचं मराठी अर्धं कानडी होतं. आता कानडी पाव उरलंय. पण एक शब्द तिनं कधी बदलला नाही : साकु. म्हणजे पुरे. भात वाढताना साकु, म्हशीला पेंड टाकताना साकु. आमच्या भागात सगळ्यांनाच हा शब्द कळतो. मीही तो भिंतीतूनच शिकले, कारण रात्री पलीकडून तोच यायचा. आधी मोठ्यानं, मग बारीक. साकु. साकु की ओ.

तेव्हा आमचे अप्पा, वीरण्णा, गावातले वजनदार माणूस, सोफ्यावर सरळ होऊन बसायचे. अप्पांचं प्रत्येक वाक्य एकाच उंबऱ्यावरून निघतं. ते घसा साफ करायचे, धोतराचा सोगा मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हंजे मी काय म्हणतो, टीव्हीचा आवाज जरा वाढव."

काकूची एकुलती एक लेक रूपाली. शाळेत तिला पाढे येत नव्हते, पण बापाच्या चपलेचा आवाज तिला पाठ होता. टप-टप-टप आलं की अभ्यास करत बसायचं. टप-फराट-टप आलं की काचेच्या वस्तू फडताळात. नुसतं फराट-फराट आलं की म्हशीच्या मागं. हे ती मला शिकवायची, इतर पोरी टिपऱ्या शिकवतात तसं.

एकदा काकूचं डावं मनगट मोडलं. अप्पा तिला हाडवैद्याकडं घेऊन गेले आणि वाटेत पढवलं, "म्हंजे मी काय म्हणतो, भाकरी थापताना घसरली म्हण." भाकरी थापताना माणूस कुठून कुठं घसरतो हे त्या वैद्यानंही विचारलं नाही. हात वाकडा बसला. तेव्हापासून काकूची भाकरी गोल येत नाही, पपईसारखी लांबट येते. आणि आमची अव्वा! घरी कुणी आलं की टोपल्यातली भाकरी वर धरून दाखवायची. "बगा. एवढी वर्सं झाली. भाकर तरी गोल येती का हिची?" पाव्हण्यांनी मान हलवायची. ज्या लेकानं भाकरी लांबट केली तो तिथंच ताटावर बसलेला असायचा, आणि तोही मान हलवायचा.

काकू एकदा तक्रार घेऊन गेली होती, नाही असं नाही. ठाण्यात नव्हे, तंटामुक्तीच्या अध्यक्षांकडं. शेषेराव आमचे अध्यक्ष. त्यांना प्रत्येक गोष्ट कायद्यानं बघायची सवय आहे. बोलताना चष्मा काढतात, काच पुसतात, परत घालतात आणि मग जे बोलतात त्यासाठी चष्मा लागत नाही. "कायद्यानं बघितलं तर, नीलम्मा, हा घरगुती प्रश्न हाय. नवरा-बायकोत कोण पडणार? आन् एक ध्यानात घे, आपल्या गावाला बक्षीस मिळायलंय. ठाण्यात एक तक्रार गेली की गेलं बक्षीस." काकूनं वाकडा हात पदराखाली घेतला आणि घरी आली. गावाला बक्षीस मिळालं. मारुतीच्या पारावर फरशी बसली, तिच्यावर मल्लूकाका दुपारी झोपायचा.

आता बैल.

शेषेरावांचा सरदार हा देवणी जातीचा अस्सल वानेरा. अंग पांढरं, तोंड काळं, चालायला लागला की गल्ली आपोआप रुंद व्हायची. पोळ्याच्या दिवशी त्याची मिरवणूक निघाली होती. शिंगांना रंग ओला होता. मल्लूकाका पाराजवळ उभा होता, म्हणजे पार त्याला धरून होता. सरदारचं शिंग त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागलं आणि हिरवा पट्टा उमटला. पुढाऱ्याचा शर्ट! काका जवळच्या घरात गेला, कुऱ्हाड घेऊन आला आणि बैलाच्या पुढच्या पायावर घातली. मध्ये पडले शेषेराव. दुसरा घाव त्यांच्या खांद्यावर ओझरता बसला.

बाईचा हात मोडला तेव्हा गाव म्हणालं, संसार हाय. बैलाचा पाय मोडला तेव्हा गाव ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ठाण्याला गेलं. ट्रॉलीत जागा पुरली नाही. मागून मोटरसायकली. साक्षीदार इतके झाले की फौजदारानं हात जोडले. कायद्यानं बघायला शेषेरावांना त्या दिवशी चष्मा पुसावा लागला नाही. बक्षिसाची आठवणही कुणाला झाली नाही.

काकू घरी पुरण वाटत होती. तिला कुणीतरी येऊन सांगितलं. तिनं वरवंटा थांबवून एकच विचारलं, "बैल जगतंय का?"

जगला सरदार. लंगडतो.

मल्लूकाकाला शिक्षा झाली, लातूरच्या जेलात गेला. दिवाळीच्या सुट्टीत अप्पा, अव्वा, काकू आणि मी भेटायला गेलो. अव्वानं शेंगाची चटणी नेली होती, ती आत घेतली नाही, म्हणून अव्वा जाळीला कपाळ लावून आधी चटणीसाठी रडली. जाळीपलीकडं काका आला. जाड झाला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज कीर्तनकाराचा. "देवाची इच्छा, नीलम्मा," तो म्हणाला, शब्दाशब्दाला डोळे मिटून, "मी आता रागाला जिंकलं. राग म्हंजे काय? राग म्हंजे विस्तव." मग एक डोळा उघडून, "माझी नवी चप्पल कुणी घातली तर न्हाई ना?"

रूपालीचं नाव त्यानं काढलं नाही. काकूनं सांगितलं, "चप्पल खुंटीला हाय."

परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसली आणि गाडी लातूर सोडायच्या आत झोपली. खड्डे आले, निलंग्याला माणसं चढली-उतरली, कोंबडी घेतलेली एक म्हातारी तिच्या मांडीवर जवळजवळ बसली, काकू हलली नाही. अव्वा म्हणाली, "बगा, नवरा जेलात, आन् हिला झोप येती!" गोष्ट अगदी खरी होती. नवरा जेलात होता म्हणूनच येत होती.

त्या वर्षात भिंतीपलीकडून नवनवे आवाज आले. रूपाली गाणी म्हणायची, बेसूर. पातेलं पडलं तर नुसतं पडायचं, त्यानंतर काही व्हायचं नाही. काकूनं शेत स्वतः केलं : ज्वारी, हरभरा, तूर, कडेला करडई. वाकड्या हातानं खुरपं धरता येत नाही म्हणून ती उजव्यानं खुरपायची आणि डाव्या कोपरानं गवत दाबायची. गावानं ते बघितलं आणि गाव काय म्हणालं? "बाई माजली."

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लातूर जिल्ह्यातला माणूस दिवाळीला गावी नाही आला तर चालतं, येळवसेला आलाच पाहिजे. मार्गशीर्षातली ही अमावस्या. गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगभाज्या-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून ताकात आंबवलेलं, गार, आंबूस, एक पेला पिला की दुसरा मागावा असं. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या कुणालाही उपाशी सोडत नाहीत. वैरी आला तरी 'या पाव्हणं' म्हणून आधी आंबील हातात. आणि पूजा झाली की घरचा धनी घोंगडी पांघरून, आंबिलीचं मडकं घेऊन, 'ओलगे ओलगे' अशी हाळी देत शेताला फेरी मारतो, पिकावर आंबील शिंपडतो. आमच्या घराण्यात त्यानं फेरी होईपर्यंत उपाशी राहायचं, पाण्याखेरीज घोट घ्यायचा नाही. ज्यानं ओलगे केलं त्याचं शेत, वर्षभर. सातबाऱ्यावर कुणाचंही नाव असो.

काका आत गेला त्या वर्षी काकूच्या शेतात ओलगे अप्पांनी केलं. "म्हंजे मी काय म्हणतो, घरचा गडी नगं का?" पुढच्या महिन्यात काकूची सगळी तूर आमच्या घरी आली. मी खाल्ली आहे ती. वरण झकास व्हायचं.

दुसऱ्या येळवसेच्या तोंडावर बातमी आली की काका सुटतोय. लगेच काकूच्या अंगणात बैठक बसली. अप्पा, अव्वा, शेषेराव. काकू जात्याच्या पाळूवर टेकून शेंगा फोडत होती, मी रूपालीची वेणी घालत होते.

अप्पांनी उंबरा ओलांडला. "म्हंजे मी काय म्हणतो, येळवसेला मल्लेश डायरेक शेतात यील. ओलगे करंल. पांडवापुढं सगळं मिटंल. मग घर त्याचं, शेत त्याचं, तू त्याची."

"लेकरू सुकलं असंल माझं," अव्वा म्हणाली. जाळीपलीकडं मावत नव्हतं ते लेकरू.

शेषेरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "कायद्यानं बघितलं तर, नीलम्मा, त्यानं शिक्षा भोगली. मी सरदारचा पाय इसरलो. तू हाताचं इसर. मन मोठं कर."

काकूनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मामा, तुमच्या गोठ्यात नवा गोऱ्हा आणलाय म्हणं?"

"हाव. सरदारचाच वंश हाय." शेषेराव फुलले. "लई गुणाचं जनावर."

"मग आसं करा. ह्यास्नी म्हैनाभर त्या गोऱ्ह्याशेजारी झोपवा. गोऱ्ह्याचे पाय शाबूत राहिले की मी घरी आणते."

शेषेरावांचा चष्मा हातातच राहिला. "गोठ्यात? आगं... माणसाला गोठ्यात कसं... आन् गोऱ्हा अजून बुजरा हाय. जनावराचा काय भरवसा?"

"जनावराचा?" काकू म्हणाली.

मग ती अप्पांकडं वळली. "दाजी, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या तर. भाऊच हायत."

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं जणू मी त्या क्षणी जन्मले. "म्हंजे मी काय म्हणतो, आमच्यात तरणी पोरगी हाय."

"आत्या?"

"माझी खोली लई बारकी हाय गं यव्वा. सुंऽऽ."

रूपाली माझ्या हातात ताठ झाली होती. वेणी घालताना कळतं ते. ती नऊ वर्षांची पोर, तीही कुणाची तरी पोरगीच होती, पण तिचं नाव ह्या हिशोबात कुणाला आठवलं नाही. तिघांनी चहा पिला, बशा पालथ्या घातल्या आणि जाताना शेषेराव म्हणाले, "तर मग ठरलं." असं म्हणून ते उठले. आमच्याकडं बैठकी अशाच ठरतात : ज्यांना काही करायचं नसतं ते ठरवतात.

ते गेल्यावर मी तिघांनाही नकलेत परत बोलावलं. अप्पांचा घसा, शेषेरावांची काच, अव्वाचं नाक. रूपाली हसून हसून लोळली. काकूही हसली, पण दाणे मोजल्यासारखी, थोडी. मी म्हणाले, "हसू नकोस काकू. घेशील तू त्याला. सगळ्या घेतात. गल्लीतल्या केवळाबाईनं घेतलं, तिच्या लेकीनं घेतलं. येळवसेला तूच मडकं उचलून त्याच्या डोक्यावर देशील, आणि काका ओलगे करील. मी बघितलंय बायकांचं."

मला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं साकु साकु म्हणून काही पुरं न झालेली बाई. मला तिची कीव येत नव्हती, राग येत होता.

"पैज?" काकू म्हणाली.

"पैज. काकानं ओलगे केलं, तर तू सगळ्या गावापुढं अव्वाची नक्कल करायची. नाकासकट."

"आन् न्हाई केलं, तर तू ओलगे करायचं."

"मी? पोरगी?"

"तू ह्या घराची न्हाईस का? पण एक. हाळी आपल्याच आवाजात द्यायची. वीरण्णाचा न्हाई, मामाचा न्हाई, आत्याचा न्हाई. तुझा."

मी हो म्हणाले. हरायची भीती नव्हती.

येळवसेच्या आदल्या संध्याकाळी काका आला. त्या रात्री मात्र आमच्या घरातली तरणी पोरगी कुणाला आठवली नाही. तो आमच्याच ओसरीवर झोपला, कारण एक रात्रच होती आणि उद्या तो काकूचा होणार होता. अप्पांनी त्याला बजावलं, "उपाशी ऱ्हा. ओलगे करायचंय." काकानं डोळे मिटून मान डोलावली. "उपवास म्हंजे काय? उपवास म्हंजे अग्नी." त्याच्या तोंडी सगळ्याचाच कुठला ना कुठला जाळ झाला होता.

सकाळी काकूनं मला हाक मारली. "तनू, आज काय खाऊ नको. आंबीलबी न्हाई. तुला माझ्या हातानं वाढणार हाय." मला वाटलं माया. मी मूर्ख.

शेतात कोप उभी होती, तिच्यावर काकूच्या लग्नातला शेला. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत धूर. अप्पा स्वतःच्या शेतातली पूजा लवकर उरकून, तिथली भज्जी दाबून, ढेकर देत आले. शेषेराव खास साक्षीला. अव्वा पांडवाजवळ ठाण मांडून. आणि मग सगळे बघतील अशा बेतानं, बांधावरून, एकटा, मल्लूकाका. नवा पांढरा शर्ट, भस्म, खुंटीवरची चप्पल. टप, टप, टप. रूपाली कोपेच्या मागं गेली.

ऊन डोक्यावर आलं होतं. चालून आला होता, जाड झाला होता, घाम गळत होता, आणि तोंडात वर्षभरात पाकिटाचा थेंब गेला नव्हता. जीभ ओठांवरून फिरत होती.

काकू उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. काशाचा मोठा पेला आंबिलीनं काठोकाठ भरला, वर जिरं टाकलं आणि बांधापर्यंत सामोरी गेली. अव्वानं लगेच डोळ्याला पदर लावला. मी मनात म्हणाले, झालं. नाकाची तयारी कर काकू.

"या पाव्हणं," काकू म्हणाली. "बसा. आंबील घ्या."

काकाचा हात पुढं झाला.

त्या हातावर मी एक प्रकरण लिहू शकेन. डोकं विचारात असतं, तोंड कीर्तनात असतं, पण तो हात आयुष्यात एकाही पेल्याला नाही म्हणालेला नव्हता. पेला दिसला की तो आपोआप उघडायचा, गाईच्या सडाला वासराचं तोंड उघडतं तसा. अव्वा ओरडली, "मल्ल्या, नको रे!" अप्पा ओरडले, "म्हंजे मी काय..." तोवर गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली. पेला रिकामा. मिशीला पांढरं.

"साकु?" काकूनं विचारलं.

आणि काकानं पेला परत पुढं केला.

तिनं परत भरला. तोही गेला. मग ती सगळ्या गावाच्या पाव्हण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीकडं हात करून म्हणाली, "बसा तिथं. जेवून जावा. शिदोरी बांधून देते."

सतरंजीवर वाटेनं जाणारे दोन मेंढपाळ आणि सायकलवाला एक पाववाला बसले होते. काका त्यांच्या रांगेत बसला. अजून कळलंच नव्हतं त्याला. गार वाटत होतं.

कळलं अप्पांना. "नीलम्मा! ओलगे कोण करणार मग?"

"ज्यानं आंबील पिली त्यानं करायचं न्हाई, ही रीत माझी न्हाई दाजी, तुमच्या घरची हाय. तुमची भज्जी झाली?"

अप्पांनी ढेकर गिळायचा प्रयत्न केला. गिळलेला ढेकर जास्त मोठा येतो.

"मामा, कायद्यानं बगा तुमी," काकू शेषेरावांना म्हणाली. "पाव्हणा म्हणून जो माझ्या हातचं पिला, तो शेताला फेरी मारतो का? तुमच्यात मारतो?"

शेषेरावांनी चष्मा काढला. आजूबाजूच्या शेतांतली माणसं बांधावर येऊन उभी होती. काच पुसून झाली, परत पुसून झाली. "न्हाई," ते शेवटी म्हणाले. "आमच्यात न्हाई मारत."

मल्लूकाका आता उभा राहिला. भस्म घामानं भुवईत उतरलं होतं आणि कीर्तनकाराचा आवाज कुठंतरी सांडला होता. जुना आवाज आला, भिंतीतला. "ए! तुला दावतो..." तो कोपेकडं निघाला. टप-फराट.

काकू हलली नाही. तिनं वाकडा हात पदराबाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला. ती म्हणाली, "या. आज बैल न्हाई मध्ये. पर माणसं हायत. बघू द्या त्यास्नी."

कुणी मर्दानगी दाखवली असं मी लिहिणार नाही. माझ्या गावाला मी ओळखते. पण मेंढपाळांतला म्हातारा होता, बाहेरगावचा, त्याला कुणाची भीड नव्हती. तो न उठताच म्हणाला, "पाव्हणं, बसा की खाली. बाईनं जेवाय वाढलंय, आन् तुमी भांडायलात? कुठल्या गावचे ओ तुमी?"

कुठल्या गावचे! स्वतःच्या शेतात, स्वतःच्या आईसमोर. बांधावर एक माणूस हसला, मग दुसरा. ज्या गावानं त्याला मारताना कधी बघितलं नव्हतं, त्या गावाला त्यानं आपल्यावर हसताना बघितलं, आणि काका खाली बसला. जेवलाही. तीनदा भज्जी घेतली. आता तो आमच्या ओसरीवर आहे. मागच्या आठवड्यात त्यानं आमचा टीव्ही फोडला, आणि अप्पा ठाण्यात जाऊन आले. टीव्ही मोठा होता.

पण ते नंतरचं. त्या दुपारी काकूनं घोंगडी झटकली आणि माझ्या डोक्यावर टाकली.

"उपाशी हायस न्हवं?"

अव्वा म्हणाली, "यव्वा, पोरगी ओलगे करणार? सुंऽऽ." कुणी ऐकलं नाही, सुंकाराला त्या दिवशी भाव नव्हता.

मडकं जड होतं. हरभऱ्याच्या कडेनं मी निघाले, डहाळी बुडवली, शिंपडलं आणि सवयीनं घसा साफ केला. पहिली हाळी अप्पांच्या आवाजात गेली.

"कोण हाय तो?" मागून काकू. "वीरण्णा जेवून बसलाय."

दुसरी शेषेरावांच्या वळणानं निघायला लागली, ती मी अर्ध्यात गिळली. बांधावर अख्खं शिवार उभं, मी घोंगडीत, तोंड उघडं, आणि आत शोधतेय की माझा कुठला. रूपाली कोपेमागून बाहेर आली आणि माझ्या मागं चालायला लागली, डहाळी हातात घेऊन. शेवटी तोंड फाडलं आणि जे आलं ते दिलं, करडईपासून ज्वारीपर्यंत, चारी कोपरे, ओलगे, ओलगे, ओलगे.

पैज हरले मी. तेव्हापासून दाढी-कटिंगच्या दुकानात, नळावर आणि महादेवाच्या पायरीवर सांगतात की वीरण्णाच्या तनूचा खरा आवाज उपाशी रेडकासारखा आहे.

ही अफवा खरी आहे.